संगीत आणि दुसरा विषय : विद्यापीठात दोन्ही शिकायचं तर

जे चांगलं गातात किंवा वाजवतात आणि त्याच वेळी गणित, इतिहास, जीवशास्त्र अशा एखाद्या विषयातही मनापासून रमतात, त्यांना शाळा संपताना एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : संगीत की अभ्यास? विचारणाऱ्याच्या मनात काळजी असते, पण प्रश्नाची मांडणीच चुकीची आहे. एक तर संगीत हाही अभ्यासच आहे. दुसरं म्हणजे, जगातल्या कितीतरी विद्यापीठांत दोन्ही एकत्र शिकण्याच्या वाटा आहेत आणि त्या एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत. हा वेगळेपणा प्रवेशाआधी क्वचितच कोणी समजावून सांगतं. अभ्यासक्रमांची नावं सारखी दिसतात. दुसऱ्या वर्षी कुणाला तरी कळतं, की आपल्याला हवं होतं ते शेजारच्या इमारतीत शिकवतात आणि तिथला प्रवेश वेगळा असतो.

या दोन इमारती कशा झाल्या ते आधी पाहू, कारण आजचा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

युरोपातल्या मध्ययुगीन विद्यापीठांत संगीत पहिल्यापासून होतं. अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र हा चार विषयांचा एक गट मानला जाई. संगीताचा अभ्यास सहाव्या शतकातला रोमन तत्त्वज्ञ बोएथियस याच्या लेखनावर आधारलेला होता आणि त्यात प्रत्यक्ष गाण्या-वाजवण्याला जवळजवळ जागाच नव्हती. तारेची लांबी निम्मी केली की वरचा सा मिळतो, दोन तृतीयांश ठेवली की पंचम, तीन चतुर्थांश ठेवली की मध्यम. २:१, ३:२, ४:३ ही गुणोत्तरं म्हणजेच तेव्हाचं विद्यापीठातलं संगीत. गळा आणि हात तयार व्हायचे ते चर्चमध्ये, दरबारात किंवा उस्तादाच्या हाताखाली. पुढे त्यासाठी स्वतंत्र संस्था निघाल्या, त्या कॉन्झर्व्हेटरी. नेपल्समधल्या कॉन्झर्व्हेटरी मुळात अनाथ मुलांना सांभाळणारी घरं होती. पॅरिसची कॉन्झर्व्हेटरी १७९५ मध्ये स्थापन झाली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही विद्यापीठाच्या चौकटीबाहेर. उलट बाजूला, एडिनबरा विद्यापीठात संगीताचं अध्यासन १८३९ मध्ये आलं आणि हार्वर्डमध्ये जॉन नोल्स पेन हे १८७५ मध्ये संगीताचे प्राध्यापक झाले.

म्हणजे शतकानुशतकं संगीताविषयीचं ज्ञान एका घरात वाढलं आणि संगीत करण्याचं कौशल्य दुसऱ्या घरात. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत ही घरं पुष्कळ जवळ आली, काही ठिकाणी एक झाली, पण स्वभाव पूर्णपणे मिसळले नाहीत. कॉन्झर्व्हेटरी विचारते : तुला काय वाजवता येतं? विद्यापीठाचा संगीत विभाग विचारतो : तुला काय लिहिता येतं, काय मांडता येतं? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. फक्त आपण कोणत्या प्रश्नाचं उत्तर द्यायला चाललो आहोत, हे माहीत असावं.

म्हणून ‘संगीत शिकायचं आहे’ एवढं ठरवून भागत नाही. गाणं-वाजवणं हा एक भाग झाला. संगीत समजून घेणं हा दुसरा. त्यात इतिहास येतो, संगीतशास्त्र येतं, वेगवेगळ्या समाजांत संगीत काय काम करतं याचा अभ्यास येतो. नवीन रचना करणं हा तिसरा भाग. चौथ्यात ध्वनीचं भौतिकशास्त्र, ध्वनिमुद्रण, संगणक आणि कान-मेंदू संगीत कसं ओळखतात हे सगळं मोडतं. कुठल्याही संगीत विभागाचा अभ्यासक्रम उघडला की यांतले दोन-तीन भाग दिसतात, चारही एकाच वजनाने क्वचितच दिसतात. दुसऱ्या विषयाशी कोणता भाग जुळवून घेईल आणि कोणता भांडेल, हे या वजनावर ठरतं. इतिहास, मानववंशशास्त्र किंवा भाषाशास्त्र शिकणाऱ्याला दुसरा भाग सहज जवळचा वाटतो. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला चौथा. पहिला भाग मात्र कुठल्याच विषयाशी आपणहून जुळत नाही. त्याला वेळ लागतो आणि तो वेळ वेगळ्या जातीचा असतो. त्याकडे पुढे येऊ.

संगीतशिक्षक किंवा संगीतोपचारतज्ज्ञ होण्यासाठीच्या पदव्यांबद्दल एवढंच सांगतो, की दुसऱ्या मोठ्या विषयाला त्यात फार कमी जागा उरते. त्यांना प्रत्यक्ष कामाचे ठरावीक तास पूर्ण करावे लागतात. अमेरिकेत संगीतोपचारासाठी ते १,२०० आहेत.

आता वाटा पाहू. सगळ्यात हलकी वाट म्हणजे पदवी दुसऱ्याच विषयाची घ्यायची आणि संगीत विद्यापीठाच्या ऑर्केस्ट्रात, गायकवृंदात किंवा एखाद-दुसऱ्या वर्गात चालू ठेवायचं. हिला कमी लेखू नये. मोठ्या विद्यापीठांच्या वृंदांत भौतिकशास्त्र किंवा वैद्यक शिकणारी मुलं भरपूर असतात आणि त्यांच्या वादनाचा दर्जा उत्तम असतो. त्याच्या वरची पायरी मायनरची, म्हणजे दुय्यम विषयाची. ठरावीक पाच-सहा अभ्यासक्रम पुरे केले की गुणपत्रकावर संगीताची नोंद होते. त्यानंतर दुहेरी मेजर : पदवी एकच, पण प्रमुख विषय दोन. ब्रिटनमध्ये याच्याशी मिळतीजुळती संयुक्त ऑनर्स पदवी असते. या वाटेवर संगीत बहुधा ज्ञानाच्या अंगाने शिकवलं जातं. वादनाचे वैयक्तिक धडे मिळतील की नाही, हे विभागागणिक बदलतं.

सर्वांत जड वाट दुहेरी पदवीची. इथे दोन स्वतंत्र पदव्या मिळतात, एक संगीताची व्यावसायिक पदवी आणि एक कला किंवा विज्ञान शाखेची. अमेरिकेत ओबर्लिन आणि लॉरेन्स या संस्थांची यासाठी ख्याती आहे, कारण तिथे कॉन्झर्व्हेटरी आणि महाविद्यालय एकाच आवारात आहेत. साधारण पाच वर्षं लागतात. बार्ड कॉलेजच्या कॉन्झर्व्हेटरीने तर २००५ मध्ये सुरुवात करतानाच नियम केला, की पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने संगीताबाहेरच्या विषयातही पदवी घ्यायची. मला हा नियम फार आवडतो. तिथे दुसरा विषय घेणारा विद्यार्थी अपवाद ठरत नाही, त्यामुळे वेळापत्रकही त्याला धरूनच आखलं जातं.

काही वाटा दोन संस्थांमधून जातात. हार्वर्ड आणि न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरी यांच्या पाच वर्षांच्या कार्यक्रमात हार्वर्डची पदवी आणि कॉन्झर्व्हेटरीची पदव्युत्तर पदवी मिळते. मँचेस्टरमध्ये विद्यापीठ आणि रॉयल नॉर्दर्न कॉलेज ऑफ म्युझिक मिळून चार वर्षांचा अभ्यासक्रम चालवतात. त्यात विषय संगीत हाच असतो, पण मघाशी सांगितलेली दोन्ही घरं एका विद्यार्थ्याच्या आठवड्यात येतात. आणि काही पदव्या मुळातच मिश्र असतात. ध्वनिमुद्रणाचा तंत्रज्ञ संगीत वाचणारा हवा आणि भौतिकशास्त्र जाणणाराही हवा, या विचारातून जर्मनीत डेटमोल्डला १९४९ मध्ये टोनमाइस्टर नावाचं शिक्षण सुरू झालं. इंग्लंडच्या सरे विद्यापीठाने १९७० मध्ये त्याच नावाची पदवी काढली. ज्याला ‘मी दोन विषय शिकतो’ असं न वाटता ‘माझा विषयच असा आहे’ असं वाटतं, त्याने अशा पदव्या आधी पाहाव्यात.

या वाटांमधला फरक क्रेडिटच्या, म्हणजे अभ्यासाचं काम मोजण्याच्या एककांच्या, हिशोबात स्पष्ट दिसतो, आणि हा हिशोब प्रवेशापूर्वी प्रत्येकाने करावाच. युरोपीय पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं. म्हणजे वर्षाला १,५०० ते १,८०० तास. दोन पूर्ण पदव्या त्याच काळात करायच्या म्हटलं, तर ३,००० ते ३,६०० तास झाले. वर्षाचे ५२ आठवडे एकही सुट्टी न घेता काम केलं तरी आठवड्याला ५८ ते ६९ तास. हे कोणालाही वर्षानुवर्षं निभावणारं नाही. मग दुहेरी पदव्या होतात कशा? काही क्रेडिट दोन्हीकडे मोजली जातात म्हणून. अमेरिकेत क्रेडिटचं माप वेगळं आहे; तिथे चार वर्षांच्या पदवीला सर्वसाधारणपणे १२० क्रेडिट लागतात. संगीताच्या व्यावसायिक पदवीत त्यांतला दोन तृतीयांशाच्या आसपास भाग संगीताचा असतो; साध्या कला शाखेच्या पदवीत संगीत हा मेजर असला तरी भाग बराच कमी असतो. उरलेली सर्वसाधारण क्रेडिट दोन्ही पदव्यांना चालली, तर आठ वर्षांचं काम पाचात बसतं. किती क्रेडिट दोन्हीकडे चालतात, हा आकडा त्या विद्यापीठाच्या नियमावलीत असतो आणि माहितीपत्रकात बहुधा नसतो. तो मागून घ्यावा.

क्रेडिटच्या आकड्यांत संगीताच्या बाबतीत एक खोट आहे. गणिताच्या तीन क्रेडिटच्या वर्गाला आठवड्याला साधारण नऊ तास जातील, असा अंदाज धरता येतो. ऑर्केस्ट्रा किंवा गायकवृंदाला मात्र बऱ्याच ठिकाणी एकच क्रेडिट मिळतं आणि तालमीच आठवड्याला चार-सहा तास असतात. कार्यक्रमाच्या आठवड्यात त्या दुप्पट होतात. शिवाय तालीम चुकवता येत नाही : व्याख्यान बुडलं तर मित्राच्या वहीतून उतरवून घेता येतं, दुसरा बासरीवादक आला नाही तर साठ-सत्तर जणांचा वेळ जातो. म्हणून वेळापत्रक मांडताना क्रेडिट मोजू नयेत, घड्याळाचे तास मोजावेत. मी तर म्हणेन, प्रवेश घेण्याआधी त्या विभागातल्या दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याकडून त्याचा मागच्या आठवड्याचा खरा तक्ता लिहून घ्यावा. त्या एका कागदातून सगळ्या माहितीसत्रांपेक्षा जास्त कळतं.

आता त्या वेगळ्या जातीच्या वेळाबद्दल. माझ्या मते दोन विषय एकत्र शिकण्यातलं मर्म इथेच आहे.

इतिहासाचा निबंध तीन दिवस झपाटून लिहिता येतो. प्रयोगाचा अहवाल एका रात्रीत पुरा होतो. चांगला नाही होत, पण होतो. रियाजाचं तसं नाही. आठवड्याचा रियाज रविवारी एकदम भरून काढता येत नाही आणि पुढच्या आठवड्यासाठी साठवूनही ठेवता येत नाही. यामागे नुसती परंपरा किंवा शिस्तीचा आग्रह नाही, शरीराची कारणं आहेत. बोटांची एखादी नवी हालचाल शिकली की ती पक्की होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं. मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना बोटांनी एक ठरावीक क्रम टपटपवायला शिकवलं. मधे रात्रीची झोप झाल्यावर, आणखी सराव न करताही, त्यांचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला. तेवढाच वेळ जागेपणी गेला तर तसा फायदा दिसला नाही. म्हणजे सरावाचे सात छोटे दिवस म्हणजे सात रात्रींची मदत. एका मोठ्या दिवसाला एकच रात्र मिळते. दुसरं कारण दुखापतीचं. परीक्षेसाठी दोन आठवडे वाद्य बंद ठेवून मग वादनाच्या परीक्षेआधी अचानक रोज पाच तास वाजवणाऱ्यांचे मनगट, खांदे आणि गळे दुखावतात. हे दोन विषयवाल्यांमध्ये खास होतं, कारण त्यांचं वर्ष नेमकं अशाच हिसक्यांनी भरलेलं असतं.

किती तास मग? अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी पश्चिम बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्यावरून पुढे दहा हजार तासांची, म्हणजे तेवढा सराव केला की कोणीही निष्णात होतो अशी, दंतकथा झाली. दोन विषय शिकणाऱ्याला त्यातले दुसरे आकडे जास्त कामाचे आहेत. अव्वल विद्यार्थी आठवड्याला सरासरी २४ तासांच्या आसपास एकट्याने सराव करत होते. शाळेत संगीत शिकवण्याची तयारी करणारे ९ तासांच्या आसपास. आणि अव्वल मंडळी एका दमात तासन् तास वाजवत नव्हती. त्यांचे सराव तास-दीड तासाच्या तुकड्यांत होते, मधे विश्रांती होती, दुपारची झोपही होती. एकाग्र सराव दिवसाला चार तासांच्या पलीकडे सहसा कोणाला झेपत नाही.

यातून एक वास्तव समोर येतं आणि ते स्वच्छ नजरेने पाहिलेलं बरं. ज्याला एकल वादक म्हणून व्यवसाय करायचा आहे, त्याच्या आठवड्यातले वीसेक तास संगीताने आधीच घेतलेले असतात. त्याच्याबरोबर प्रयोगशाळेचा जड विषय घ्यायचा तर पाच वर्षांची वाट घ्यावी. चार वर्षांत कोंबू नये. ज्याला उत्तम वाजवत राहायचं आहे पण पोट दुसऱ्या विषयावर भरायचं आहे, त्याला आठ-दहा तासांचा नियमित सराव पुरतो आणि तो कुठल्याही पदवीबरोबर बसतो. अर्थात, नियमित असेल तर. परीक्षेच्या आठवड्यात तो निम्म्यावर आणावा, शून्यावर नाही. रोजची अर्धा-पाऊण तासाची वेळ वर्गांच्या आधी, सकाळीच बांधून घेतली तर ती टिकते. संध्याकाळची वेळ दुसरा विषय गिळून टाकतो.

गळ्याचे आणि फुंकून वाजवायच्या पितळी वाद्यांचे स्नायू तर आणखी लवकर थकतात. या विद्यार्थ्यांना एकीकडे कमी तासांत भागवावं लागतं, पण दुसरीकडे त्यांच्या हाती एक सोय आहे : ऐकणं, स्वरलिपी वाचणं, मनात म्हणून पाहणं, बंदिशीच्या किंवा गीताच्या शब्दांवर काम करणं हे सगळं ग्रंथालयात बसून होतं.

वेळापत्रकातली खरी टक्कर बहुतेक दुपारची असते, कारण प्रयोगशाळा आणि वृंदाच्या तालमी दोन्ही दुपारीच ठेवण्याची रीत आहे. दुसरी अडचण साखळीची. संगीतशास्त्र आणि श्रवणप्रशिक्षण (स्वर आणि लय कानाने ओळखायला शिकणं) हे वर्ग पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं सत्र असे एकामागून एकच घेता येतात. भौतिकशास्त्र आणि गणिताचंही तसंच. दोन साखळ्यांपैकी एक पहिल्या वर्षी सुरू केली नाही, तर शेवटी आख्खं वर्ष वाढतं. कोणता विषय जास्त आवडतो याचा निर्णय लांबवता येतो. साखळीचे वर्ग पहिल्याच सत्रात सुरू करण्याचा नाही.

इतकी धडपड करून दोन विषय एकमेकांना काय देतात? इथे एक गैरसमज आधी दूर करू. संगीत शिकल्याने गणित सुधारतं, बुद्धी वाढते, असं सर्रास सांगितलं जातं. १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका छोट्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी मोझार्टची एक रचना ऐकल्यावर अवकाशीय कोड्यांत थोडे जास्त गुण मिळवले होते. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांपुरता होता. त्याच्यावर पुढे जी इमारत उठली तिला पाया नव्हता. संगीत घ्यायचं तर संगीतासाठी घ्यावं.

विषय खरोखर भेटतात ते प्रश्नांमध्ये. छंदशास्त्रातले लघु-गुरू बहुतेकांनी शाळेत मोजलेले असतात : लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. आता विचारा, चार मात्रांची ओळ लघु-गुरू वापरून किती प्रकारे भरता येईल? पाच. पाच मात्रांची? आठ. सहा मात्रांची? तेरा. प्रत्येक आकडा आधीच्या दोन आकड्यांची बेरीज असतो, कारण ओळ शेवटी एक तर लघूने संपते किंवा गुरूने. जैन पंडित हेमचंद्राने बाराव्या शतकाच्या मध्याला हा नियम मांडला होता. ज्याच्या नावाने हे आकडे आज ओळखले जातात त्या इटलीच्या फिबोनाचीचं लेखन १२०२ चं. २०१४ मध्ये फील्ड्स पदक मिळालेले गणितज्ञ मंजुल भार्गव स्वतः तबला शिकलेले आहेत आणि ही गोष्ट ते आवर्जून सांगतात. इथे संगीत गणिताला सजवायला आलेलं नाही. प्रश्नच लयीतून जन्मला आहे.

किंवा तबल्याची शाई घ्या. ताणलेल्या साध्या गोल चामड्यावर आघात केला तर निघणाऱ्या स्वरांचं मूळ स्वराशी प्रमाण १.५९, २.१४, २.३० असं आडवंतिडवं येतं. म्हणून बहुतेक ढोलांतून ठोका ऐकू येतो, स्पष्ट स्वर नाही. तबला-मृदंगाच्या पुडीवर मधोमध शाईचं वजन चढवलं की ही प्रमाणं २, ३, ४, ५ यांच्या अगदी जवळ सरकतात आणि वाद्य सुरात बोलू लागतं. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी याच्यावर १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं. भौतिकशास्त्र आणि तालवाद्य असे दोन्ही शिकणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्याला हा प्रयोग आज एक मायक्रोफोन आणि संगणक यांवर करता येतो, आणि पुडीवर कुठे आघात केला की काय होतं हे त्याच्या बोटांना आधीच ठाऊक असतं. जो वाजवत नाही त्याला हा प्रश्न सुचायलाच महिना लागेल.

तिसरं उदाहरण मला सर्वांत प्रिय आहे. जॉन चाउनिंग मूळचे तालवादक आणि रचनाकार, स्टॅनफर्डमध्ये शिकत होते. संगणकाची ओळख करून घ्यायला त्यांना हात दिला तो विद्यापीठाच्याच ऑर्केस्ट्रात ट्यूबा वाजवणाऱ्या आणि संगणक जाणणाऱ्या एका विद्यार्थ्याने. १९६७ मध्ये चाउनिंग स्वराच्या कंपाचे प्रयोग करत होते. कंप वाढवत वाढवत इतका जलद केला, की तो कंप म्हणून ऐकू येईनासा झाला आणि स्वराचा रंगच पालटला. कानाला हा बदल महत्त्वाचा वाटला, कारण कान संगीतकाराचा होता. त्यातून स्वरनिर्मितीची जी पद्धत निघाली तिचे हक्क स्टॅनफर्डकडून यामाहाने घेतले आणि १९८३ चा डीएक्स-सेव्हन हा सिंथेसायझर त्यातून आला. अशी गाठ पडायला दोन विषयांचे लोक एका आवारात असावे लागतात आणि त्यांतल्या काहींना दोन्ही भाषा याव्या लागतात.

पण प्रत्येक जोडीने असं भेटायलाच हवं, हा आग्रहही नको. रसायनशास्त्र आणि सतार शिकणाऱ्याने सतारीच्या रसायनशास्त्रावर प्रबंध लिहिण्याची गरज नाही. दोन विषय शेजारी शेजारी राहिले तरी चालतं. त्याची किंमत मात्र माहीत असावी. अलेक्सांद्र बोरोदिन रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि संगीत सुट्ट्यांत, आजारपणात लिहीत. १८६९ मध्ये सुरू केलेला ऑपेरा १८८७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तेव्हाही अपुरा होता. तो रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह यांनी पुरा केला.

दोन्ही एकाच वेळी करण्याऐवजी एकामागून एक करणं, हीसुद्धा तितकीच प्रतिष्ठेची वाट आहे. प्रभा अत्रे यांनी विज्ञान आणि कायद्याच्या पदव्या घेतल्या, गाण्याची तालीम सोडली नाही, आणि पुढे डॉक्टरेट संगीतात केली. पियानोवादक विजय अय्यर येलमध्ये गणित आणि भौतिकशास्त्र शिकले, बर्कलीला भौतिकशास्त्रात पुढचं शिक्षण घेत असताना संगीताकडे वळले, १९९८ मध्ये तंत्रज्ञान आणि कला यांना जोडणाऱ्या विषयात डॉक्टरेट मिळवली आणि २०१४ पासून हार्वर्डमध्ये शिकवतात. या दोन्ही गोष्टींत एक साम्य आहे : पदवी दुसऱ्या विषयाची चालू असताना हातातलं किंवा गळ्यातलं संगीत थांबलं नव्हतं. इतिहास किंवा संगीतशास्त्र तिशीत सुरू करता येतं. वाजवणं पाच वर्षं बंद ठेवून पुन्हा त्याच जागी येणं फार कठीण जातं.

प्रवेशाच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी आधी कळल्या तर वर्ष वाचतं. दुहेरी वाटेवर दोन वेगळे होकार लागतात : ऑडिशनचा आणि शैक्षणिक गुणांचा. एक मिळून दुसरा न मिळणं अगदी नेहमीचं आहे, म्हणून अर्ज करतानाच विचारावं, की एकाच बाजूचा होकार आला तर काय. मुदतीही वेगळ्या असतात. ब्रिटनमध्ये कॉन्झर्व्हेटरींच्या संगीत अभ्यासक्रमांचे अर्ज ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बंद होतात आणि विद्यापीठांच्या बहुतेक अभ्यासक्रमांचे जानेवारीत. पाश्चात्त्य संगीताखेरीज दुसरं काही वाजवणाऱ्यांनी तर ऑडिशनमध्ये ते ग्राह्य आहे का, याची लेखी खात्री करावी. अमेरिकेतलं वेस्लियन विद्यापीठ १९६० च्या दशकापासून कर्नाटक संगीत शिकवत आलं आहे, रॉटरडॅमच्या कोडार्ट्समध्ये भारतीय संगीत शिकता येतं. अशी ठिकाणं आहेत, पण शोधावी लागतात.

विभागाला विचारायचे प्रश्न थेट असावेत. दोन विषय घेणाऱ्यालाही दर आठवड्याला वैयक्तिक धडा मिळतो का, आणि तो कोण शिकवतं? सरावाच्या खोल्या रात्री किती वाजेपर्यंत उघड्या असतात? मागच्या काही वर्षांत दुहेरी पदवी किती जणांनी सुरू केली आणि किती जणांनी पुरी केली? पाचव्या वर्षाचं शुल्क कोण भरतं, शिष्यवृत्ती तिथपर्यंत चालते का? शेवटच्या दोन प्रश्नांना टोलवाटोलवी झाली तर तीच नोंद करून ठेवावी.

आणि एक विषय सोडावा लागला तर? दुहेरी पदवी सुरू करणाऱ्यांपैकी काही जण मधे एका विषयावर येतातच. हा बदल कुठल्या दिशेने सोपा आहे, हे प्रवेशाच्या वेळीच पाहून ठेवावं. व्यावसायिक संगीत पदवीतून साध्या कला शाखेच्या पदवीत येणं बहुधा अर्जावर होतं, मिळवलेली क्रेडिट बरीचशी टिकतात. उलट जायचं तर पुन्हा ऑडिशन द्यावी लागते, त्या वर्षी त्या वाद्याची जागा रिकामी असावी लागते आणि मागे राहिलेले श्रवणप्रशिक्षणाचे वर्ग पहिल्यापासून घ्यावे लागतात. ब्रिटनच्या संयुक्त पदवीत पहिल्या वर्षानंतर एकाच विषयाकडे वळण्याची सोय बऱ्याच विद्यापीठांत असते. म्हणून मन अजून दोलायमान असेल, तर पहिल्या सत्रात संगीतशास्त्र, श्रवणप्रशिक्षण, एक वृंद आणि दुसऱ्या विषयाचा साखळीतला पहिला वर्ग एवढं घ्यावं आणि बाकीचं दुसऱ्या सत्राच्या नोंदणीपर्यंत मोकळं ठेवावं.